लोखंडी सेना आणि करुणेचे बीज

मुलांसाठी काढलेल्या चित्रपटाविषयी प्रौढांनी गांभीर्याने लिहावे, हे आपल्याकडे अजूनही काहीसे चमत्कारिक मानले जाते. बालचित्रपट म्हणजे सुटीतील दोन घटकांची करमणूक, आणि त्यातून तो रंगवलेल्या चित्रांचा असेल तर विचारायलाच नको, अशी आपली समजूत. ‘डोरेमॉन’ हे नाव काढताच तर बहुसंख्य पालकांच्या कपाळावर आठी उमटते. अभ्यास टाळणारा, परीक्षेत शून्य मिळवणारा, संकट आले की निळ्या यंत्रमांजराकडे धावणारा नोबिता आमच्या मुलांनी का पाहावा, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न अगदीच निराधार नाही. परंतु या मालिकेतील एका चित्रपटाकडे लक्ष वेधावेसे वाटते. १५ मार्च १९८६ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला, नोबिता आणि लोखंडी सेनेची कथा सांगणारा तो चित्रपट आहे. दिग्दर्शक त्सुतोमु शिबायामा, आणि कथा व पटकथा मूळ चित्रकथाकार फुजिको एफ. फुजिओ यांची. स्वामी आणि सेवक, स्वदेशनिष्ठा आणि न्याय, शत्रू आणि माणुसकी यांविषयी या चित्रपटाने मुलांसमोर जे प्रश्न ठेवले आहेत, त्यांची उत्तरे प्रौढांच्या जगालाही सापडलेली नाहीत.

एका चित्रकाराची तपश्चर्या

फुजिको एफ. फुजिओ म्हणजे हिरोशी फुजिमोतो. १ डिसेंबर १९३३ रोजी तोयामा प्रांतातील ताकाओका या गावी त्यांचा जन्म झाला. महायुद्ध संपले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आणि त्यांच्याच प्रांताची राजधानी असलेले तोयामा शहर ऑगस्ट १९४५ च्या आरंभी हवाई हल्ल्यात जळून गेले होते. शाळेत भेटलेल्या मोतोओ आबिको या मित्रासह त्यांनी चित्रकथा काढायला सुरुवात केली. ओसामु तेझुका यांना गुरुस्थानी मानून दोघे तोक्योला आले, ‘तोकिवा-सो’ नावाच्या साध्या लाकडी इमारतीत चिमुकल्या खोल्यांत राहिले आणि अनेक वर्षे एकाच टोपणनावाने लिहीत-रेखाटत राहिले. १९६९ च्या अखेरीस बाजारात आलेल्या, जानेवारी १९७० च्या अंकांपासून ‘डोरेमॉन’ सुरू झाला. तो छापला गेला शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या इयत्तावार निघणाऱ्या शालेय मासिकांत. म्हणजे ज्या पात्रावर अभ्यासबुडवेपणाचा ठपका ठेवला जातो, त्याचा जन्मच मुळी विद्यार्थ्यांसाठीच्या मासिकांत झाला आहे!

१९७९ मध्ये दूरचित्रवाणीवरील मालिका स्थिरावली आणि १९८० मध्ये पहिला चित्रपट आला. तेव्हापासून दर वसंतात, शाळांच्या सुटीच्या सुमारास, एक नवा चित्रपट ही जपानी कुटुंबांची प्रथा होऊन बसली आहे. २००५ हे वर्ष वगळले आणि कोरोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये पडलेला व्यत्यय सोडला, तर ती अखंड चालू असून चित्रपटांची संख्या चाळिशीच्या पुढे गेली आहे. लहानपणी आईवडिलांचे बोट धरून गेलेली पिढी आज आपल्या मुलांना घेऊन जाते. फुजिमोतो यांचे २३ सप्टेंबर १९९६ रोजी निधन झाले, तेव्हाही पुढील वसंतातील चित्रपटाची चित्रकथा त्यांच्या हातून अपुरीच राहिली होती. मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम काम नव्हे, ते आयुष्य वेचण्याजोगे काम आहे, याचा याहून वेगळा दाखला कशाला हवा?

आरशातले निर्मनुष्य शहर

कथेचा आरंभ अगदी घरगुती आहे. श्रीमंत सुनिओ आपल्याकडचा यंत्रमानव मिरवतो, नोबिताला मत्सर वाटतो आणि आपल्यालाही तसाच, किंबहुना त्याहून मोठा यंत्रमानव हवा असा हट्ट तो धरतो. योगायोगाने उत्तर ध्रुवावर त्याला एका प्रचंड यंत्राचे सुटे भाग सापडू लागतात. उत्तरेच्या बर्फातून भेट घेऊन येणाऱ्या सांताक्लॉजची आठवण ठेवून मुले त्याला ‘झांडाक्लॉस’ म्हणतात. एवढे मोठे धूड जोडायचे कुठे? डोरेमॉन आरशाच्या आतील जगाचे दार उघडतो. तेथे सर्व काही आपल्या जगासारखेच आहे. घरे, रस्ते, दुकाने सारे तेच, फक्त डावे-उजवे उलटे, आणि माणूस मात्र एकही नाही. या रिकाम्या शहरात मुलांचा खेळ रंगतो. तेवढ्यात शिझुका सहज एक कळ दाबते आणि समोरची गगनचुंबी इमारत क्षणार्धात कोसळते. हसणारी मुले एकदम गप्प होतात. आपण ज्याला खेळणे समजत होतो ते शस्त्र आहे, हे त्यांना उमगते.

बालचित्रपटांत इमारती रोजच कोसळतात आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. येथे इमारत कोसळते आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. शहर रिकामे होते म्हणून कोणी मेले नाही. ते रिकामे नसते तर? लेखक उपदेशाचे एक अक्षर न बोलता हा प्रश्न मुलांच्या मनात सोडून देतो. बालपणी आपल्या प्रांताचे शहर राख झालेले ज्याच्या पिढीने पाहिले, त्या लेखकाला शस्त्र आणि खेळणे यांतील अंतर वेगळे शिकवावे लागले नसेल.

त्या यंत्राचा शोध घेत रिरुरू नावाची एक मुलगी येते. दिसायला ती चारचौघींसारखी, परंतु वस्तुतः मेकाटोपिया या दूरच्या ग्रहावरून आलेली यंत्रकन्या आणि हेर आहे. तिच्यामागून लोखंडी सेना येणार आहे आणि तिला पृथ्वीवरील माणसांना पकडून गुलाम म्हणून न्यायचे आहे.

गुलामीचे वर्तुळ

मेकाटोपियाचा इतिहास हा या कथेचा गाभा आहे. तीस हजार वर्षांपूर्वी मानवजातीला विटलेल्या एका शास्त्रज्ञाने एका निर्जन ग्रहावर आमु आणि इमु या दोन यंत्रमानवांपासून नवी सृष्टी निर्माण केली. त्यांची प्रगती व्हावी म्हणून त्याने त्यांच्या ठायी स्पर्धेची प्रेरणा घातली. प्रगती झालीही. पण त्याच प्रेरणेतून उच्च-नीच निर्माण झाले, सरदार आणि गुलाम असे दोन वर्ग पडले. पुढे गुलाम यंत्रमानवांनी मुक्ती मिळवली, सर्व यंत्रमानव समान झाले. आणि मग? मग कष्टाची कामे कोणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी पृथ्वीवर शोधले. आपापसांत समता आणि परक्यासाठी बेड्या! रिरुरू हा इतिहास अभिमानाने सांगते. तो ऐकून शिझुका म्हणते, हे तर थेट आम्हा माणसांच्या इतिहासासारखेच झाले. ज्या मानवाला मेकाटोपिया हीन लेखतो, त्याच्याच पापाची ती नक्कल आहे, हे ऐकून रिरुरू संतापते.

‘रोबो’ या शब्दाचे मूळ येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. चेक लेखक कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकाने तो जगाला दिला. त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ असलेला शब्द आहे. म्हणजे यंत्रमानवाच्या नावातच दास्य आहे. चापेकच्या नाटकात दास बंड करून मानवजातीचा अंत करतात. पुढे आयझॅक असिमोव्ह याने १९४२ च्या एका कथेत यंत्रमानवांसाठी तीन नियम घालून दिले. माणसाला इजा करू नये, आज्ञा पाळावी, मग स्वतःला जपावे. एकाने बंडाचे भय दाखवले, दुसऱ्याने कुंपण घातले. फुजिमोतो यांनी तिसराच प्रश्न विचारला. ज्याच्या हाती शक्ती आली आहे त्याच्या अंतःकरणात दुसऱ्याविषयी काही आहे का? ते नसेल तर नियम किती दिवस टिकणार? आज कृत्रिम बुद्धिमत्तेला कोणत्या नियमांनी बांधावे याची चर्चा जगभर चालू असताना, १९८६ च्या बालचित्रपटातील हा प्रश्न जुना झाला असे कोण म्हणेल?

तो ज्या जपानमध्ये विचारला गेला तेही पाहावे. ऐंशीच्या दशकात कारखान्यांत यंत्रमानव वापरण्यात जपान जगात अग्रेसर होता. देश संपन्नतेच्या शिखराकडे निघाला होता आणि त्याच देशात शालेय प्रवेशासाठीच्या जीवघेण्या चढाओढीला ‘परीक्षा-युद्ध’ असे नाव पडले होते. स्पर्धेने मोठ्या झालेल्या समाजाने आपल्या मुलांना मेकाटोपियाची कथा सांगितली, हा केवळ योगायोग मानता येत नाही. लेखक स्पर्धेने प्रगती होते हे नाकारत नाही. तिच्यासोबत आत्मीयता नसेल तर ती प्रगती गुलामांचा बाजार मांडते, एवढेच तो सांगतो.

स्वदेशनिष्ठा कशाला म्हणावे?

जखमी रिरुरूला शिझुका घरी आणते, तिची शुश्रूषा करते. शत्रूला का वाचवतेस, हा रिरुरूचा प्रश्न आहे. तिच्या गणितात तो बसत नाही. माणसे कधी कधी अशी तर्काला न पटणारी कामे करतात, इतकेच उत्तर शिझुकाकडे आहे. पुढे रिरुरू आपल्या सेनेकडे परत निघते तेव्हा नोबिता शस्त्र रोखून तिला अडवतो. ‘झाड गोळी’ असे ती आव्हान देते. त्याचा हात उठत नाही. ती त्याला भेकड म्हणते आणि स्वतःच त्याच्यावर वार करून निघून जाते. तरीही छावणीत पोहोचल्यावर तीच रिरुरू, माणसांना गुलाम करणे अन्याय आहे, असे आपल्या सेनापतीला सांगते आणि बंदिवान होते.

या ठिकाणी आपल्याकडील वाचकाला बिभीषण आठवल्यावाचून राहणार नाही. धर्माच्या बाजूने उभा राहिलेल्या त्या रावणबंधूला आपण भगवद्भक्त मानतो, आणि त्याच वेळी ‘घरभेदी’ या शब्दाला त्याचीच आठवण चिकटली आहे. न्याय आणि स्वजन यांत फूट पडली तर माणसाने काय करावे, हा पेच आपल्या परंपरेने टाळला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या मनात वागवला. रिरुरूचा पेच तोच आहे. परंतु तिचा मार्ग किंचित निराळा आहे. ती मेकाटोपियाचा द्वेष करीत नाही, त्याच्या पराभवाने तिला काही मिळायचेही नाही. तिला आपला ग्रह हरवायचा नाही, सुधारायचा आहे. स्वदेशावरील प्रेम म्हणजे स्वदेशाच्या प्रत्येक कृत्याचे समर्थन नव्हे. जो देश आपला आहे त्याच्या चुकीची वेदना आपल्यालाच सर्वाधिक झाली पाहिजे. ज्यांना राष्ट्र हा शब्द प्रिय आहे त्यांनी तर ही गोष्ट अधिक आस्थेने समजून घ्यावी, असे मला वाटते.

आणि म्हणून हा चित्रपट दुबळ्या अहिंसेचा पाठ देतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मुले हातावर हात धरून बसत नाहीत. ती चढाई करून आलेल्या सेनेला युक्तीने आरशातील निर्मनुष्य शहरात ओढून नेतात, जेणेकरून खऱ्या शहरातील एकाही माणसाला धक्का लागू नये. फसगत लक्षात आल्यावर सेना उलटते, तेव्हा हे चिमुकले जीव तिच्यासमोर उभे ठाकतात. रडवा नोबिता, दांडगा जियान, बढाईखोर सुनिओ यांपैकी कोणीही पळत नाही. आक्रमकाशी लढायचे आणि त्याच वेळी त्याच्यातील एका जखमी जिवाला पाणी पाजायचे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच अंगणातील मुले वाटून घेतात. शौर्य आणि करुणा यांत विरोध मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

बीजच बदलायचे

लढाई हरत आलेली असताना शिझुकाला मार्ग सुचतो. ती आणि रिरुरू कालयानातून तीस हजार वर्षे मागे जातात आणि त्या शास्त्रज्ञाला गाठतात. वृद्ध, आजारी शास्त्रज्ञ आपल्या निर्मितीचे भविष्य ऐकून खचतो आणि आमु-इमुच्या मेंदूत दुसऱ्याविषयीच्या आपुलकीचे बीज घालायला बसतो. काम पुरे होण्यापूर्वीच त्याचे हात थांबतात. उरलेले काम रिरुरू आपल्या हातांनी करते. इतिहास बदलला की आक्रमक मेकाटोपिया नाहीसा होणार आणि त्याबरोबर आपणही नाहीसे होणार, हे तिला पुरते ठाऊक आहे. शिझुका तिला अडवू पाहते. रिरुरूचे हात थांबत नाहीत. इकडे सेना विरून जाते, तिकडे रिरुरूही शिझुकाच्या डोळ्यांदेखत विरते.

दधीची ऋषींनी वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्या. रिरुरूने शस्त्राची गरजच उरू नये म्हणून आपले अस्तित्व दिले. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागताना दुष्टांचा संहार मागितला नाही, त्यांच्यातील दुष्टपणा गळून पडावा आणि जीवमात्रांत मैत्री व्हावी, असे मागितले. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचे ते मागणे आणि या जपानी चित्रकाराची कल्पना यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही दोन दूरच्या भूमींतील मनांना एकच वाट सुचावी, याचा आनंद वाटतो.

अर्थात, चित्रपटाचा शेवट मला पूर्णतः पटतो असे नाही. कालयानाची सोय हाताशी असणे हा लेखकाने स्वतःला दिलेला सवलतीचा मार्ग आहे. आपल्यापैकी कोणालाही भूतकाळात जाऊन समाजाची घडण बदलता येत नाही. शिवाय पसायदानात दुष्टपणा जातो आणि माणूस उरतो. येथे मात्र सेनाही जाते आणि पश्चात्ताप झालेली रिरुरूही जाते. ज्या एका जिवाने प्रत्यक्ष परिवर्तन करून दाखवले, त्यालाच पुसून टाकावे लागते. यंत्राचे मन बदलू शकते हे दीड तास दाखवल्यावर, अखेरीस ते न बदलता नव्याने घडवायचे, ही विसंगती नाकारता येणार नाही. लेखकालाही ती जाणवली असावी. म्हणूनच अगदी शेवटी, शाळेत बसलेल्या नोबिताला खिडकीबाहेर क्षणभर रिरुरूसारखी एक आकृती उडताना दिसते. तो भास की नव्या मेकाटोपियातून आलेली नवी रिरुरू, हे चित्रपट सांगत नाही. पण आशेला जागा ठेवतो.

युकियो तेरामोतो या दिग्दर्शिकेने ही कथा पुन्हा पडद्यावर आणली ती ५ मार्च २०११ रोजी. तिने यंत्राच्या मेंदूला एका चिमुकल्या पिलाचे रूप दिले आणि त्याच्याही मनातील बदल उलगडून दाखवला. मूळ कथेतील उणीव तिने हेरली होती, असेच म्हणावे लागेल. त्यानंतर सहाच दिवसांनी, ११ मार्च रोजी, ईशान्य जपानवर भूकंप आणि त्सुनामीचे संकट कोसळले. रिकाम्या शहरांची चित्रे पडद्यावरून प्रत्यक्षात उतरली. त्या दिवसांत अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला हात जगाने पाहिला. तर्काला न पटणारी कामे माणसे करतात, असे शिझुका म्हणाली होती ते हेच.

आपण यातून काय घ्यावे?

२००५ पासून डोरेमॉन हिंदीत बोलत भारतीय घरांत आला आणि मराठी घरांतील मुलेही त्याच्यासोबत वाढली. शेजारी देशांत त्याच्या हिंदी बोलीवरून वाद झाले. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याचे हिंदी प्रक्षेपण थांबवले, तर पाकिस्तानातील पंजाबच्या विधिमंडळात २०१६ मध्ये बंदीची मागणी करणारा ठराव मांडला गेला. परक्या चित्रमालिकेने मुलांच्या जिभेवर आणि मनावर ताबा मिळवावा, याची चिंता समजण्यासारखी आहे. परंतु बंदीने रिकामी झालेली जागा बंदी भरून काढत नाही. ती चांगल्या कथेनेच भरावी लागते. जपानच्या परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये याच निळ्या मांजराला सांस्कृतिक दूत नेमले. आपल्या बालसाहित्याचा एवढा सन्मान करणारा समाज आपली मूल्ये जगाच्या अंगणात नेतो, आणि जो तो करत नाही तो केवळ तक्रारी करत राहतो.

तेव्हा पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की डोरेमॉन लागला की दूरचित्रवाणी बंद करण्याऐवजी एकदा हा चित्रपट मुलांच्या शेजारी बसून पाहावा. इमारत कोसळते तेव्हा आपले मूल हसते की गप्प होते, हे पाहावे. आणि चित्रपट संपल्यावर रिरुरूचा प्रश्न त्याला विचारावा, की शत्रू जखमी होऊन दारात पडला तर तू काय करशील? त्याच्या उत्तरावरून आपण घरात कोणते बीज पेरले आहे, ते आपल्याला कळेल. मेकाटोपियाच्या शास्त्रज्ञाला ते कळायला तीस हजार वर्षांनंतरच्या पाहुण्यांची वाट पाहावी लागली. आपल्याला तेवढी उसंत मिळणार नाही.